मोडकांच्या सायकलची हवा

आमच्या सोसायटीच्या फाटकावर एक पाटी आहे. "फाटकासमोर गाडी लावू नये. लावल्यास हवा सोडली जाईल. तक्रार ऐकली जाणार नाही." ही पाटी आमचे चेअरमन रामदास दामले यांनी स्वतः उभं राहून रंगवून घेतली आणि ते ती शब्दशः पाळतात. कर्वेनगरात निम्म्या फाटकांवर असली पाटी असते. त्यामुळे गाडीची हवा गेलेली दिसली की इकडे कुणी खिळा कुठे लागला ते शोधत नाही, आपण कुणाच्या फाटकासमोर उभे होतो ते आठवतं. हवा सोडणं हा आमच्याकडे गुन्हा नाही, संवादाचा एक प्रकार आहे. हे आधी सांगून ठेवलं म्हणजे पुढचं नीट कळेल.

मी सुहासिनी मोडक. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले. अनंतराव म्हणजे माझे यजमान, वीज मंडळातून निवृत्त झाले आणि त्याच आठवड्यात त्यांनी गिअरची सायकल घेतली. लोक निवृत्तीनंतर काशीला जाऊन येतात, हे खडकवासल्याला जायला लागले. तेही रोज.

पहाटे राजाराम पुलापाशी पाचसहा जण जमायचे आणि धरणापर्यंत जाऊन परत यायचे. गटाचं नाव 'पहाटवारा', ते अनंतरावांनीच ठेवलं. वयानं ते सगळ्यांत मोठे, म्हणून आपोआप पुढारी. मध्यंतरी त्यांच्या हृदयात दोन स्टेंट बसवले. दवाखान्यातून घरी आले तेव्हा त्यांनी आधी सायकलचा टायर दाबून पाहिला आणि मग मला विचारलं की जेवायला काय आहे. डॉक्टर म्हणाले होते, सायकलला हरकत नाही. गटात पोहोचेपर्यंत त्याचं 'डॉक्टरांनी सायकल लिहून दिली आहे' असं झालं.

रविवारी मांजरीहून ज्ञानदेव यायचे. त्यांची सगळी नोकरी ऊस संशोधनाच्या शेतावर झालेली. काळी, बिनगिअरची सायकल मारत अख्खं पुणं ओलांडून यायचे, वर धरणापर्यंत जायचे आणि परतताना आमच्याकडे पोहे खायचे. "वैनी, सायकल हाय तवर औषिद कशाला?" असं म्हणत ते तिसऱ्यांदा ताटली पुढे करायचे. अनंतरावांचं सगळ्या जगाशी थोडं थोडं वाकडं आहे. ज्ञानदेवांशी मात्र कधी नव्हतं.

मग तो मार्च आला आणि सगळं बंद झालं.

पहिले काही दिवस अनंतराव पार्किंगमध्ये सायकल चालवायचे. खांबांमधून गोल गोल. पहिल्या मजल्यावरून दामल्यांनी दोन दिवस ते पाहिलं, तिसऱ्या दिवशी गॅलरीत आले.

"मोडक, हे पार्किंग आहे. सायकल फिरवायचं मैदान नव्हे."

"गाडी लावायची म्हणजे आधी चालवावी लागते, दामले. मी अजून जागा शोधतोय."

एप्रिलमध्ये एक दिवस मला न सांगता ते बाहेर पडले. हँडलला दुधाची कापडी पिशवी अडकवली होती, म्हणजे विचारलंच कुणी तर कारण तयार. पुलापाशी पोलिसानं अडवलं.

"कुठं निघालात आजोबा?"

"दूध आणायला."

"दुधाला हेल्मेट?"

"सांडू नये म्हणून."

हे उत्तर त्यांनी घरी येऊन मला मोठ्या अभिमानानं सांगितलं. त्यानंतर पोलिसानं काय केलं ते मात्र सांगितलं नाही. ते मला गटातल्या सलिलकडून कळलं, कारण तोही तिथेच सापडला होता. फिरायला निघालेल्या सगळ्यांना रस्त्याच्या कडेला अंतरावर उभं करून 'हात वर, हात खाली' करायला लावलं होतं. अनंतरावांनी म्हणे पोलिसाला दोनदा सांगितलं की हात वर नेताना श्वास आत घ्यायचा असतो.

त्यानंतर ते बाहेर गेले नाहीत, पण तोंड बंद राहिलं नाही. सकाळी पेपर उघडला की सरकारचा उद्धार व्हायचा. मोकळ्या रस्त्यावर एकट्यानं सायकल चालवली तर विषाणू काय मागच्या कॅरिअरवर येऊन बसणार आहे का? भाजीच्या रांगेत चालतं, मग सायकल का नाही? प्रश्न तसा बरोबर होता. मी सरकार नसल्यामुळे माझ्याकडे उत्तर नव्हतं. "सोडू देत एकदा बाहेर," ते म्हणायचे, "पहिल्या दिवशी पुलावर मी असेन."

मे महिन्यात ज्ञानदेव आजारी पडले. त्यांना न्यायला रुग्णवाहिका आली तेव्हा ते स्वतःच्या पायांनी चढले आणि जाता जाता बायकोला, गोदाबाईंना म्हणाले, "सायकलीवर गोणपाट टाक गं, उन्हानं टायर तडकतंय." गोदाबाईंनी गोणपाट टाकलं. त्यानंतर त्यांनी नवऱ्याला पाहिलंच नाही. हे सगळं त्यांनी मला फोनवर सांगितलं आणि मी फोन धरून नुसती ऐकत राहिले. टेलिफोन खात्यात आयुष्य काढलं, पण तिकडचं माणूस रडत असताना इकडून काय बोलायचं ते शिकले नाही.

अनंतरावांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "वय झालं होतं त्यांचं." ज्ञानदेव त्यांच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान होते. मग ते खाली गेले आणि दुपारभर सायकलच्या साखळीला तेल देत बसले. त्या दिवसानंतर त्यांनी सरकारला नावं ठेवली नाहीत. दुःख झालं की माणूस गप्प होतो, तसंच हे असेल, असं मी धरून चालले.

जूनमध्ये परवानगी आली. पहाटे पाचपासून बाहेर व्यायाम चालेल. चालणं, पळणं, सायकल, सगळं. पेपर टेबलावर पडायच्या आत सलिलचा फोन. सलिल पन्नाशीचा आहे, आयटीत आहे आणि घरून काम सुरू झाल्यापासून आणखीच टवटवीत झाला आहे. त्याचा आवाज स्पीकरवर नसतानाही स्वयंपाकघरापर्यंत येतो.

"काका, फायनली! उद्या शार्प साडेपाच, पुलाजवळ. मास्क, डिस्टन्स, सगळं प्रॉपर. यू आर आवर कॅप्टन!"

"हो, हो," अनंतराव म्हणाले. "येतो ना."

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "जाणार तुम्ही?"

"न जायला काय झालं? परवानगी आहे."

"परवानगी देणाऱ्यांना तुमचे स्टेंट माहीत आहेत का?"

"घाबरून घरात बसणारा माणूस नाही मी."

"मी आहे," मी म्हटलं.

"मग तू बस," असं म्हणून त्यांनी पेपर तोंडासमोर धरला. पेपर उलटा नव्हता, पण त्यांनी पान काही उलटलं नाही.

मला भीती वाटत होती हे मी लपवत नाही. आजाराची वाटत होतीच, पण त्याहून जास्त त्या रुग्णवाहिकेची. अनंतराव स्वतःच्या पायांनी तिच्यात चढताहेत, मला काहीतरी फालतू काम सांगताहेत, गिझर बंद कर वगैरे, आणि मी बाल्कनीतून हात हलवतेय, हे चित्र डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. बरं, त्यांना अडवायचं कसं? एकेचाळीस वर्षांच्या संसारात माझ्या सांगण्यावरून त्यांनी सोडलेली एकमेव गोष्ट म्हणजे तपकीर, तीही मी नव्हे, दातांच्या डॉक्टरांनी सोडवली.

त्या दिवसांत दूधवाल्याला वर यायला बंदी होती. तो पाच वाजता फाटकापाशी क्रेटमध्ये पिशव्या ठेवून जायचा. मी मास्क लावून खाली जायची, आमच्या दोन पिशव्या उचलायची, वर येऊन साबणाच्या पाण्यात धुवायची. अनंतराव तेव्हा अंघोळीत असायचे. दुसऱ्या दिवशी मी अशीच दूध घेऊन परत निघाले, तर खांबाला टेकून सायकल उभी. पुसलेली, तेल दिलेली, आणि बुधवार पेठेतून घासाघीस करून आणलेला दिवा पुढे लावलेला. मागचा टायर टणक. माझ्या एका हातात दूध आणि केसांत आकडा.

मी आकडा काढला, व्हॉल्व्हची टोपी फिरवून काढली आणि आतली पिन दाबली. फुस्स. तीन महिन्यांत एवढं समाधान मला कशानंही मिळालं नव्हतं.

वीस मिनिटांनी खालून गर्जना झाली.

"दामले! माझी सायकल फाटकासमोर नव्हती!"

दामले गॅलरीत आले. अंगात बनियन, तोंडात टूथब्रश. त्यांनी ब्रश काढला. "मग?"

"मग हवा का सोडलीत?"

दुसऱ्या कुठल्याही गावचा माणूस इथे म्हणाला असता, 'मी नाही सोडली.' पण एका पुणेकरानं खालून मान वर करून जाब विचारला की दुसऱ्या पुणेकराला नाही म्हणवत नाही. दामल्यांनी क्षणभर विचार केला. "सोडली असेल," ते म्हणाले. "काय म्हणणं आहे?"

"हा अन्याय आहे!"

"पाटी वाचा. तक्रार ऐकली जाणार नाही."

आणि ते तोंड धुवायला आत गेले. मी वर बाल्कनीत उभी राहून हे सगळं ऐकत होते. दामले असं कबूल कसं करून बसले ते मला कळेना, पण माझं आयतंच काम झालं होतं. पंप वापरून टायर भरायचा म्हणजे पंधरा मिनिटं, तोपर्यंत गट निघून गेलेला. अनंतरावांनी हेल्मेट घातलेल्या डोक्यानंच मोबाइल काढला आणि 'पहाटवारा'वर लिहिलं, "तांत्रिक अडचण. चेअरमनचा उपद्रव. तुम्ही पुढे व्हा." सलिलनं रागानं लाल झालेले तीन चेहरे पाठवले.

मग हे रोजचंच झालं. संध्याकाळी अनंतराव पंप घेऊन खाली जायचे आणि टायर टणक भरायचे. सकाळी मी दूध घेताना हवा सोडायची. मग ते खाली येऊन ओरडायचे, दामले वरून उत्तर द्यायचे. एकदा दामले म्हणाले, "मोडक, तुमच्या टायरमध्येच दम नाही." त्यावर अनंतराव म्हणाले, "तुमच्या कारकिर्दीत या इमारतीत कुठल्याच गोष्टीला दम राहिलेला नाही, पाण्याच्या पंपापासून सुरुवात करा." समोरच्या इमारतीतले लोक चहाचे कप घेऊन गॅलरीत यायला लागले. तेव्हा करमणुकीची सगळ्यांचीच पंचाईत होती.

सलिल अधूनमधून फोनवर तोडगा सुचवायचा. "काका, सायकल वर फ्लॅटमध्ये ठेवा ना. सिंपल!"

"का ठेवू? त्या दामल्याला भिऊन? मुळीच नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे."

सोसायटीची ऑनलाइन मीटिंग झाली, तिच्यात कुणीतरी पार्किंगमध्ये कॅमेरा बसवू या म्हणालं. म्हणजे मी सापडलेच. पण अनंतराव ताडकन म्हणाले, "नको, उगाच सोसायटीला खर्च." आणि दामले त्याच दमात म्हणाले, "मोडकांशी सहमत आहे." इमारत बांधल्यापासून हे दोघे कशावर एकमत झाल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. मी मात्र मनातल्या मनात दोघांचे आभार मानले आणि आवाज बंद करून चहा टाकायला उठले.

त्यानंतर एका सकाळी मी दूध उचलत होते, तर दामलेही पिशवी घ्यायला खाली आलेले. अंतर ठेवून उभे राहिले आणि मास्कमधून म्हणाले, "वहिनी, एक सांगू का? व्हॉल्व्हची टोपी परत नीट लावत जा. आत धूळ जाते."

हातातली पिशवी गार होती आणि कानशिलं तापली.

"कधीपासून माहीत आहे?" मी विचारलं.

"पहिल्या दिवसापासून. मी पाचला उठतो. गॅलरीतून सगळं दिसतं."

"मग सांगितलं का नाहीत? उगाच रोज शिव्या खाताय."

"वहिनी, मी चेअरमन आहे. न केलेल्या गोष्टींच्या शिव्या खाणं हेच माझं काम. त्यात आणखी एक." मग त्यांनी मास्क नाकावर सरकवला. वर्षापूर्वी त्यांची पत्नी गेली, तेव्हापासून ते एकटेच राहतात. "आणि मोडक खाली येऊन ओरडले की बरं वाटतं. दिवसभरात माझ्याशी दुसरं कोण बोलतंय?"

पिशवी उचलून ते निघाले. माणूस इतका बरा असेल असं त्या पाटीवरून कधीच वाटलं नसतं. मी त्या दिवशी टोपी नीट घट्ट बसवली.

हे असंच चालू राहिलं असतं तर माझी काही तक्रार नव्हती. पण अनंतराव बदलत चालले होते. सकाळचं ओरडणं झालं की उरलेला दिवसभर त्यांच्याकडे करायला काहीच नसायचं. खुर्चीत बसायचे ते बसूनच राहायचे. दाढी दोनदोन दिवस वाढायची. जेवणात मीठ जास्त झालं तरी बोलायचे नाहीत, आणि हे मी मुद्दाम जास्त घालून तपासलं होतं.

स्पृहा, आमची मुलगी, बंगळुरूला असते. रविवारी तिचा व्हिडिओ कॉल असतो. त्या रविवारी ती थोडा वेळ बोलली आणि म्हणाली, "आई, नेटवर्क गेलं वाटतं. बाबा फ्रीझ झालेत."

"नाही गं," मी म्हटलं. "असेच बसलेत."

मग मी फोन घेऊन आतल्या खोलीत गेले. "आई," ती म्हणाली, "पूर्वी बाबा दोन मिनिटं फ्रेममध्ये टिकायचे नाहीत. सायकल अजून बंदच आहे का? मास्क लावून, एकटे, लांबून लांबून गेले तर काय होतंय? डॉक्टरांना विचारलंस का?"

विचारलं होतं. डॉक्टर फोनवर म्हणाले होते, गर्दी टाळा, पण हालचाल बंद करू नका. ते मी अनंतरावांना सांगितलंच नव्हतं.

"असे बसून राहिले तर ते आपले बाबा राहणार नाहीत गं," स्पृहा म्हणाली.

त्या दिवशी भाकरी करताना माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. रुग्णवाहिकेतून माणूस जाताना दिसतो तरी. खुर्चीतून तो कधी गेला ते कळतही नाही. मी त्यांना जपत होते की आपल्या भीतीपायी कोंडून ठेवत होते? ज्या माणसाला टायर दाबल्याशिवाय जेवण सुचत नव्हतं, त्याच्या टायरमधली हवा रोज मी काढत होते. मला माझाच राग आला आणि लगेच रडूही आलं. संध्याकाळी ते पंप घेऊन खाली गेले तेव्हा मी ठरवून टाकलं. उद्या हात लावायचा नाही. जाऊ देत. काय व्हायचं ते होईल.

दुसऱ्या दिवशी दूध घेतलं, सायकलीच्या बाजूला बघितलंही नाही आणि सरळ वर आले. पिशव्या दोनदा धुतल्या. अनंतराव अंघोळ करून आले, हेल्मेट घातलं, मास्क लावला, कमरेला छोटी थैली बांधली.

"पाणी घेतलंत?" मी विचारलं.

हे मी एरवी विचारत नाही. त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. "घेतलं," म्हणाले आणि गेले.

मी बाल्कनीत येऊन कठडा धरून उभी राहिले. मनात आलं, हाक मारावी. मारली नाही.

खाली ते सायकलीपाशी पोहोचले. ओरडायच्या तयारीनं त्यांनी मान वर केलीच होती, पण सवयीनं हात टायरवर गेला आणि तिथेच थांबला. त्यांनी टायर दाबला. पुन्हा दाबला. मग पुढचाही दाबून पाहिला, जणू चुकीच्या सायकलीपाशी आलो की काय. दोन्ही टणक. ते सरळ उभे राहिले आणि फाटकाकडे बघत राहिले. फाटक उघडं होतं. पलीकडे रस्ता रिकामा, स्वच्छ, झाडांखाली गार. एवढ्यासाठीच तर मार्चपासून भांडत होते.

ते हलेनात. कोपऱ्यावरून घंटी वाजली. सलिल. आज तो त्यांना न्यायला दारापर्यंत येत होता.

अनंतरावांनी एकदा इकडेतिकडे पाहिलं. मग कमरेच्या थैलीतून काहीतरी काढलं, गुडघ्यावर हात ठेवून हळूहळू खाली वाकले आणि मागच्या चाकाची टोपी फिरवली.

फुस्स. दुसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू आलं.

सलिल फाटकात पोहोचला तेव्हा ते उभे राहून हात झटकत होते. "दामले!" ते कडाडले, पण आवाज मध्येच चिरकला. "आज पुन्हा!"

पहिल्या मजल्यावरून दामले आधीच वाकून बघत होते. त्यांनी सगळं पाहिलं होतं, मी पाहिलं होतं त्यापेक्षा जवळून. त्यांनी तोंडातला ब्रश काढला.

"हो, सोडली!" ते म्हणाले. "रोज सोडणार! काय म्हणणं आहे?"

"काका, धिस इज टू मच," सलिल म्हणाला. "पोलीस कम्प्लेंट करू या."

"नको रे," अनंतराव म्हणाले. "एकटा आहे बिचारा. तू जा, तुला उशीर होईल."

ते वर आले. मी चहा ठेवला होता. हेल्मेट न काढताच ते बसले, दोन्ही हातांनी कप धरला आणि म्हणाले, "दामले फार माजलाय."

"हो ना," मी म्हटलं. "चेअरमन बदलायला हवा."

चहा अर्धा झाल्यावर त्यांनी थैलीत हात घातला आणि टेबलावर माझा केसांचा आकडा ठेवला.

"पार्किंगमध्ये सापडला होता. पहिल्याच आठवड्यात."

मी आकडा उचलून केसांत खोचला. बाहेर समोरच्या इमारतीतले लोक आज लवकर संपलं म्हणून आत जात होते.

"ज्ञानदेव घाबरायचे नाहीत," ते म्हणाले. कपाकडे बघूनच म्हणाले. "मी घाबरतो गं. पुलापर्यंत जायचं म्हटलं की छातीत धडधडतं. आणि पोरांसमोर तसं म्हणवत नाही."

मी त्यांचा हात धरला. साबणानं माझे हात खरखरीत झालेले, त्यांच्या बोटांना ग्रीस. इतके दिवस मी एकटीच घाबरले आहे असं समजून या माणसाशी लढत होते, आणि तो बिचारा रोज संध्याकाळी पंप मारून माझ्या भरवशावर झोपत होता. मला त्यांची इतकी माया आली की मी हेल्मेटचा पट्टा सोडवायला घेतला तरी तो नीट सुटेना.

"सलिलला सांगून टाका सरळ," मी म्हटलं. "समजेल तो."

"सांगेन की. आधी टायरमध्ये हवा टिकू दे."

"आणि तोपर्यंत दिवसभर खुर्चीत बसायचं नाही. खाली जाऊन पार्किंगमध्ये फिरवा सायकल. दामल्यांना भांडायला आणखी एक निमित्त."

"ते म्हणतील, हे मैदान नव्हे."

"मग तुम्ही म्हणा, जागा शोधतोय."

ते हसले. मार्चनंतर पहिल्यांदाच मला त्यांचे दात दिसले. जेवताना आमटीत मीठ जास्त आहे म्हणाले, आणि त्या दिवशी मी मुद्दाम काही केलं नव्हतं. दुपारी खांबांमधून गोल गोल सायकल फिरली, दामले वरून ओरडले, आणि संध्याकाळी पंप घेऊन त्यांनी नेहमीसारखा टायर टणक भरला.

दुसऱ्या दिवशी पाचला मी दूध आणायला खाली गेले, आकडा काढला आणि हवा सोडली. टोपीही घट्ट बसवली. त्यांचे गुडघे काही बरे नाहीत. रोज पहाटे त्यांना कशाला वाकायला लावायचं?